दीड वर्ष एकच जोडीदार, तरी क्लॅमिडिया पॉझिटिव्ह. त्याने फसवलं का?

तुमचं वय २१, दीड वर्षापासून एकच जोडीदार, कसलाच त्रास नाही आणि क्लॅमिडियाचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह. किती घाबरला असाल, कळतंय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. या रिपोर्टवरून एवढंच कळतं, की जंतू आत्ता शरीरात आहे. कधी आला, कोणाकडून आला, हे त्यावरून कोणीही सांगू शकत नाही. हा जिवाणू पेशींच्या आत शिरून वाढतो. बहुतेक बायकांना त्याचा पत्ताच लागत नाही, पुरुषांचंही पुष्कळदा तेच. उपचार झाले नाहीत तर कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ तो मुकाट राहतो. म्हणजे तो तुमच्या नात्याआधीचाही असेल, त्याच्याकडचा किंवा तुमच्याकडचा. या कागदावरून नातं तोडू नका.

त्यालाही तपासायला पाठवा. 'माझी एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आहे' याचा इथे उपयोग नाही, ती तपासणीच वेगळी. पुरुषांची ही तपासणी बहुधा लघवीवर होते. लोक सवयीने मधल्या धारेची लघवी आणतात आणि मला बाटली परत करावी लागते. निदान तासभर लघवी न करता, मग अगदी सुरुवातीची धार हवी.

उपचार सोपा आहे. डॉक्टर सहसा डॉक्सीसायक्लिन देतात, दिवसातून दोनदा, ७ दिवस. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा, मग औषध बदलतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवं होऊ नका. दोघांचा कोर्स एकाच वेळी होऊ द्या आणि तो पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा, नाहीतर जंतू एकमेकांकडे परत येत राहतो. पुन्हा तपासणी ३ महिन्यांनी. पंधरा दिवसांतच केलीत तर मेलेल्या जंतूंचे अंशही पॉझिटिव्ह दाखवतात आणि उगाच धास्ती बसते.

अंगावर मात्र काढू नका. जंतू गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढला तर तिथे व्रण राहतात, पुढे मूल राहायला अडचण येते, नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि त्याला कसं सांगायचं, तर असं: "मला क्लॅमिडिया निघालाय. कधीपासून आहे ते कळत नाही. तुलाही तपासायला आणि औषध घ्यायला हवं. उद्या सोबत जाऊया."