प्यायल्यावर शुगरची गोळी द्यायची का नाही?

"ज्या दिवशी हे पिऊन येतात त्या दिवशी शुगरची गोळी द्यायची का नाही, तेवढंच सांगा मॅडम." सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न बायका हमखास विचारतात. या वहिनींनी तर गोळ्यांची पट्टीच पर्समध्ये लपवून आणली होती, नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. (ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.)

नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, वय 52. सौदे आटोपले की चौघंजण बसायचे. एका रात्री उपाशीपोटी प्यायले, घरी येऊन जेवणाआधीची गोळी घेतली आणि न जेवताच आडवे झाले. पहाटे दरदरून घाम, बनियन चिंब, जीभ जड, बोलण्याला ताळमेळ नाही. मुलगा म्हणाला, "अजून उतरली नाही, झोपू दे त्यांना." शेजारच्या काकूंकडे शुगर तपासायचं मशीन होतं म्हणून कळलं, साखर 46. साखरपाणी पाजल्यावर माणूस भानावर आला. तेव्हापासून प्यायलेल्या दिवशी गोळी बंद, हा वहिनींचा नियम. परिणाम असा की सकाळची उपाशीपोटीची साखर 280 वर गेली.

वहिनींची भीती खरीच होती. पोट रिकामं असताना यकृत साखर तयार करून रक्तात सोडत असतं. दारू पोटात गेली की ते काम मंदावतं. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर आणखी खाली जाते, तीही पिताना नव्हे, कित्येक तासांनी, झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. यांच्या गोळीत मेटफॉर्मिनही होतं. ते एकटं साखर सहसा इतकी उतरवत नाही, पण भरपूर दारूबरोबर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती "उतरली नाही" म्हणून झोपू देण्याची. साखर उतरलेला माणूस अगदी प्यायलेल्यासारखाच दिसतो. तोंडाला वास येत असला तरी आधी साखर तपासा. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर 3 चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला घाला. मशीन नसेल आणि शंका असेल तरी साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही. न जेवता झोपलेल्या माणसाला ती द्यायची का, हे कोणती गोळी आहे त्यावर ठरतं. म्हणून डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं.

पुढच्या वेळी दादा स्वतः आले. डॉक्टरांना त्यांनी "कधीमधी घेतो" एवढंच सांगितलं होतं. मी मागच्या आठवड्याचा एकेक वार घेऊन विचारत गेले, ते कागदावर लिहीत गेले. चार रात्री निघाल्या, त्यातल्या तीन न जेवता. पेन खाली ठेवून ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. तोच कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी साखर एकदम उतरण्याचा धोका कमी असलेली गोळी दिली, आणि दारू सोडणंच बरं, हेही स्पष्ट सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एका दिवसात बंद करू नये, फिट येऊ शकते. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आता मुलालाही बोलावलंय. वहिनी पहाटे त्यालाच उठवतात, म्हणून मशीन कसं वापरायचं ते त्याला शिकवायचंय.