जुना रॉक बँड मुंबईत येतोय, विक्रीच्या दिवशी तिकीट कसं मिळवायचं? (सोबत ६४ वर्षांचे वडील)

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या तरुणपणीचा बँड मुंबईत येतोय, विक्री पुढच्या आठवड्यात ऑनलाइन सुरू होणार, तुम्ही पुण्यात आहात, आणि कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तिकीटविक्रीच्या वेळचा गोंधळ आठवून धास्ती वाटतेय. बँडचं आणि मैदानाचं नाव तुम्ही दिलेलं नाही. म्हणून महालक्ष्मी रेसकोर्स आणि नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, ही दोन्ही ठिकाणं धरून लिहितो.

आधी बँड तोच आहे ना, हे बघा. चेष्टा नाही. ब्रिट फ्लॉइड किंवा द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो हे उत्तम वाजवणारे ट्रिब्यूट बँड आहेत (म्हणजे मूळ पिंक फ्लॉइडची गाणी वाजवणारे वेगळेच लोक), पण पोस्टरवर ‘फ्लॉइड’ एवढंच वाचून तिकीट काढणारे लोक असतात. कधी कधी एकाच नावाचे दोन बँड फिरतात. यूबी-४० आणि ‘यूबी-४० फीचरिंग अली कॅम्पबेल’ हे दोन वेगळे बँड आहेत (रेगेवाले आहेत ते, पण मुद्दा तोच). बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टूरचं पान असतं. तिथे मुंबईची तारीख असेल तर खरं, आणि तिकिटाच्या लिंकवरही तिथूनच जा. आत्ता बँडमध्ये कोण कोण आहे तेही त्याच वेळी बघून घ्या. आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन डिसेंबर २०२४ मध्ये टूरमधून निवृत्त झाला. वडील नेमक्या अशा एखाद्या माणसासाठी येत असतील तर ते आधी कळलेलं बरं.

मग तिकिटाचा वर्ग ठरवा, आणि तो विक्रीच्या आदल्या दिवशीच ठरवा. ऐन वेळी घड्याळ उलटं धावत असताना माणूस भलतंच काहीतरी काढून बसतो. स्टेजला लागून असलेला फॅन पिट सगळ्यात आधी संपतो, पण वडिलांसाठी मी तो सुचवणार नाही. गेट दुपारी उघडतात, मुख्य बँड रात्री येतो, आणि पुढची जागा टिकवायची तर मधले पाच-सहा तास उन्हात उभं राहावं लागतं. एकदा बाहेर पडलात तर बहुधा परत आत सोडत नाहीत. डी. वाय. पाटीलला स्टँडमध्ये खुर्च्या आहेत. तिथे स्टेजच्या अगदी बाजूचे ब्लॉक टाळून जरा समोरच्या बाजूचे घ्या. अगदी कडेला बसलात तर मागचा मोठा पडदा अर्धाच दिसतो. रेसकोर्सवर मात्र कायमचा स्टँड कार्यक्रमासाठी बहुधा वापरात नसतो. मोकळं मैदान, सगळे उभे. बसायची सोय हवी असेल तर उंचवट्यावरचा लाउंज, आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे.

लाउंज परवडत नसेल तर साध्या वर्गातही एक चांगली जागा असते: मैदानाच्या मधोमध साउंड इंजिनिअरचा मिक्सर ठेवलेला कुंपणाचा चौकोन. सगळा आवाज तो माणूस तिथे बसून जुळवतो, त्यामुळे त्या चौकोनाच्या आसपास गिटार, ड्रम, गायकाचा आवाज सगळं नीट वेगवेगळं ऐकू येतं. शिवाय टेकायला कठडा मिळतो. त्या वयाच्या माणसाला पुढच्या रेटारेटीपेक्षा तो कठडा जास्त मोलाचा. फक्त तुमच्या वर्गाची हद्द त्या चौकोनापर्यंत पोहोचते का, हे नकाशात बघून घ्या.

आता पैसे. तिकीट हातातून निसटतं ते बहुतेक वेळा रांगेत नाही, पेमेंटच्या पानावर. नव्या डेबिट-क्रेडिट कार्डावर ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, २०२० पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते चालू करा आणि मर्यादा वाढवून ठेवा. यूपीआयने भरणार असाल तर दिवसाला साधारण १ लाखापर्यंत जातात, पण फोन नुकताच बदलला असेल किंवा यूपीआय नव्याने चालू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर जाऊ देत नाहीत. कोल्डप्लेची तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. ५,००० मध्ये तिथे काय होणार? म्हणून नवा फोन घ्यायचा असेल तर विक्री झाल्यावर घ्या. दिसणाऱ्या दरावर कन्व्हीनियन्स फी आणि तिच्यावर जीएसटी लागतो, आणि ५०० रुपयांच्या वरच्या कॉन्सर्ट तिकिटावरचा १८ टक्के जीएसटी कधी दरात धरलेला असतो, कधी नसतो. बजेट थोडं सैल ठेवा.

प्री-सेल (सगळ्यांसाठीच्या विक्रीआधीची विक्री) असेल तर ती एखाद्या बँकेच्या कार्डधारकांसाठी असते. कोल्डप्लेच्या वेळी कोटक बँकेची होती. कोणती कार्डं चालतात ते अटींमध्ये शब्दन् शब्द वाचा. घरात कुणाकडे तसं कार्ड असेल तर ओटीपी ज्या फोनवर येतो तो माणूस त्या वेळी शेजारी हवा. मामा ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि ओटीपी त्याच्या खिशात, असं व्हायला नको.

विक्रीच्या दिवशी तासभर आधी लॉगिन करून, मोबाइल नंबर आणि ईमेल पडताळून बसा. आधी ऑनलाइन वेटिंग रूम, म्हणजे थांबायचं पान, उघडतं. ठरलेल्या वेळी आत बसलेल्या सगळ्यांना साधारणपणे रांगेतले नंबर वाटले जातात, आणि ते लॉटरीसारखे पडतात. तासभर आधी आलेला पुढे आणि पाच मिनिटं आधी आलेला मागे, असं नसतं. वेळ उलटून गेल्यावर आलेला मात्र थेट शेवटी. नंबर लाखांत दिसला तरी पान बंद करू नका. कोल्डप्लेच्या वेळी कित्येकांना तसेच नंबर दिसले होते. रिफ्रेश मारू नका, फोनची स्क्रीन बंद होऊ देऊ नका. एकाच खात्याने तीन ठिकाणी लॉगिन केलं तर सिस्टीम बाहेर काढू शकते. त्यापेक्षा तुमच्या खात्याने घरच्या वायफायवर आणि भावंडाच्या खात्याने मोबाइल डेटावर, असे दोन वेगळे नंबर घ्या. कुणाला आधी लागला की दुसऱ्याने थांबायचं, नाहीतर दोन्हीकडे पैसे जातील.

आत गेल्यावर चार तिकिटं एकत्र मिळत नसतील तर दोनचा आकडा टाकून बघा. ‘सोल्ड आउट’ दिसलं तरी लगेच उठू नका. ज्यांचं पेमेंट फसतं त्यांची तिकिटं वेळ संपल्यावर परत विक्रीला येतात, म्हणून पुढचा अर्धा तास अधूनमधून बघत राहा. पैसे कापले गेले आणि तिकीट दिसत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बुकिंग हिस्टरी आणि ईमेल बघा. व्यवहार खरोखर फसला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

त्या दिवशी नाहीच मिळालं तर? जादा तारीख जाहीर होऊ शकते. कोल्डप्लेचा तिसरा कार्यक्रम विक्रीच्याच दिवशी जाहीर झाला. शिवाय स्टेज, कॅमेरे, मिक्सर यांच्यासाठी काही जागा सुरुवातीला राखून ठेवतात आणि आराखडा पक्का झाला की त्यातल्या उरलेल्या सोडतात, कधी अगदी शेवटच्या आठवड्यात. घाबरून दलालाकडे मात्र जाऊ नका. अधिकृत विक्री सुरू व्हायच्या आधीच ज्याच्याकडे तिकीट ‘उपलब्ध’ आहे, त्याच्याकडे ते नसतंच. तुमचे पैसे घेऊन मग तो शोधायला निघतो. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट तर कितीही जणांना विकता येतो आणि गेटवर पहिल्याचाच स्कॅन होतो. तुम्ही तिसरे असाल तर काही करता येत नाही.

जुन्या बँडच्या बाबतीत रद्द होण्याची शक्यता जरा जास्तच धरायची. गायक स्टीव्हन टायलरचा गळा बरा होईना म्हणून एरोस्मिथने ऑगस्ट २०२४ मध्ये टूर करणंच सोडलं. २०१६ मध्ये एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला ऐकू येण्याचा त्रास झाला आणि उरलेल्या टूरवर अॅक्सल रोझ गायला. आपल्याकडे २०११ मध्ये मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी बारगळला, बंगळूरूचा मात्र झाला. रद्द झाल्यावर तिकिटाचे पैसे मिळतात, पण कन्व्हीनियन्स फी मिळेलच असं नाही, आणि हॉटेलचं भाडं तर कुणीच देत नाही. म्हणून खोली फुकटात रद्द करता येईल अशीच घ्या. कार्यक्रम पुढे ढकलला तर परतावा मागायची मुदत थोडी असते, त्या दिवसांत ईमेल बघत राहा.

येण्याजाण्याचं एवढंच, की उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा नियम असल्याने मुंबईत मुख्य बँड आठच्या सुमारास किंवा त्याआधीही स्टेजवर येतो. पुण्याहून दुपारी तीनला निघालात तर वाटेतच अडकू शकता. डी. वाय. पाटील असेल तर परतीसाठी सायन-पनवेल रस्त्यावर नेरूळ एलपी या थांब्यावर पुण्याच्या बस मिळतात, पण हजारो लोक एकदम बाहेर पडतात, तेव्हा सीट आधीच आरक्षित करा आणि सुटायची वेळ साडेअकराच्या पुढची घ्या. रेसकोर्स असेल तर महालक्ष्मी स्टेशन चालत गाठता येतं, पण त्या गर्दीत वडिलांना घेऊन लोकल पकडण्यापेक्षा मी दादरला खोली घेऊन सकाळी निघेन. वडिलांची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, गेटवर विचारतात. आणि फोमचे इअरप्लग दोन जोड घ्या, पन्नास-शंभर रुपयांत केमिस्टकडे मिळतात.