स्टिपा ओळखायला शिकताय? आधी कुसळ बघा

स्टिपा ही गवतांची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. स्टिपाचं कुसळ पिसासारखंच असतं, हा पहिला गैरसमज सोडा. स्टिपा पेन्नाटाचं कुसळ पिसासारखं असतं, पण स्टिपा कॅपिलाटाचं नुसतं खरखरीत, बिनकेसांचं. दोन्ही युरोप-आशियाच्या स्टेप गवताळ प्रदेशातली.

दहापट भिंग घ्या आणि एवढंच तपासा:

- प्रत्येक कणिशकात (तुऱ्यातल्या छोट्या कणसात) फूल एकच. बाहेरची दोन तुसं पातळ, लांब टोकाची.
- आतलं कडक तुस दाण्याभोवती घट्ट गुंडाळलेलं, बुडाशी टोकदार. त्याची लांबी मोजा, कुसळ सोडून.
- कुसळाला पीळ आणि गुडघ्यासारखे वाक. केस पिळाच्या भागावरही आहेत की फक्त वरच्या भागावर, हे नोंदवा; जाती वेगळ्या करताना तेच लागतं.

नमुना पिकलेला हवा, पण कुसळं गळण्याआधीचा. नुसता तुरा तोडून आणू नका. बुडाची पानं आणि पानाच्या सांध्यावरचा पातळ पापुद्रा नसेल तर काम अडतं.

आपल्याकडची कुसळी कपड्यात घुसते, तिच्याही कुसळाला पीळ असतो, पण तिची कणिशकं जोडीनं येतात. ती ज्वारीच्या गटातली.

रोपवाटिकेतल्या पाटीवर विसंबू नका. ‘स्टिपा टेनुइसिमा’ नावानं विकलं जाणारं गवत आता नासेला प्रजातीत धरतात. बाकीची नावांची उलथापालथ सध्या राहू द्या.