'सुपोषण' चांगले की वाईट?

नागपूरच्या एका मराठी शाळेतील नववीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, अंगणवाडीत 'सुपोषित बालक' हा शब्द कौतुकाने वापरतात आणि पर्यावरणाच्या टिपणांत मात्र 'सुपोषणामुळे तलावातील मासे मरतात' असे वाक्य येते. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता, आणि त्याऐवजी 'अतिपोषण' लिहिले तर चालेल का?

गोंधळ 'सु' या उपसर्गापाशी आहे. 'कु'च्या विरुद्ध 'सु' म्हणजे चांगले, हे आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की त्याचा दुसरा अर्थ सहसा आठवत नाही. संस्कृतात 'सु' म्हणजे 'पुष्कळ, फार' असेही होते आणि तो अर्थ मराठीतही आपण रोज वापरतो. सुदीर्घ भाषण चांगलेच असते असे नाही, ते फार लांब असते. सुदूर म्हणजे फार दूर आणि सुदुर्लभ म्हणजे मिळण्यास फारच कठीण. 'कुपोषण'समोर उभा राहणारा 'सुपोषण' पहिल्या अर्थाचा आहे, तर तलावाच्या संदर्भातील 'सुपोषण' दुसऱ्या अर्थाने वाचला की विरोध उरत नाही. हा पारिभाषिक शब्द 'युट्रोफिकेशन'साठी, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्ये फार वाढण्यासाठी, योजलेला आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'चांगले पोसलेले' असाच होतो. परंतु जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ वेबर यांनी 1907 मध्ये तो दलदलीच्या जमिनीसाठी वापरला आणि पुढे स्वीडनच्या नाउमान यांनी सरोवरांना लावला, तेव्हा त्यांना पोषकद्रव्ये किती आहेत एवढेच सांगायचे होते. त्यात शाबासकी नव्हती.

पोषकद्रव्ये म्हणजे येथे मुख्यतः नायट्रोजन व फॉस्फरस. सांडपाणी, धुण्याची पावडर आणि शेतातून वाहून आलेले खत यांतून ती तलावात उतरतात, शेवाळ माजते, पाणी हिरवेगार व गढूळ होते आणि तळाशी ऊन पोहोचेनासे होते. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर जलपर्णीचे एखादे रोप उपटून पाहावे: फुगीर, आतून स्पंजासारखा देठ, तुकतुकीत पाने आणि पाण्यात लोंबणारा काळसर मुळांचा झुपका. हे रोप उपाशी नाही, हे पाहताक्षणी कळते. पण माजलेली वनस्पती पुढे मरते, कुजते, आणि तिचे विघटन करणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना तो सुमारे साडेसातवर येतो; त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात तलावाची शिल्लक आधीच कमी असते. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करीत नाही, उलट श्वसनासाठी वापरते, म्हणून पहाटेस तो सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे बहुधा सकाळी तरंगताना दिसतात.

यात फॉस्फरसचा वाटा किती मोठा, हे कॅनडातील प्रयोगासाठी राखलेल्या 226 क्रमांकाच्या सरोवरात 1973 मध्ये दिसले. सरोवराचे पडद्याने दोन भाग करून दोन्हींत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात; शेवाळाने हिरवा झाला तो तेवढाच भाग.

आता 'अतिपोषण'. अर्थ चटकन कळतो, हे खरे. तरीही मी तो सुचवणार नाही, कारण आहारशास्त्रात गरजेपेक्षा जास्त अन्न घेण्यासाठी, लठ्ठपणाच्या संदर्भात, हाच शब्द चालतो. एक घोटाळा टाळताना दुसरा ओढवून घेण्यात लाभ नाही. शिवाय अल्पपोषित, मध्यपोषित, सुपोषित अशी सरोवरांची जी चढती मांडणी करतात, तिच्यात 'सु' नेमका बसतो. उत्तरात पहिल्यांदा 'जलाशयाचे सुपोषण' असे पूर्ण लिहावे, म्हणजे पोषण कोणाचे हा प्रश्नच राहत नाही. 'स्वपोषी'शी मात्र गल्लत करू नये. ती वेगळीच संज्ञा आहे. स्वपोषी म्हणजे आपले अन्न आपण तयार करणारा सजीव. घाईत एक 'व' इकडचा तिकडे झाला की उत्तर पार बदलते.

पोषण कोणाचे, हे पाहणे आपल्या पूर्व विदर्भात काही नवे नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांतला, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातल्या सिंचन तलावांतला, गाळ शेतकरी उन्हाळ्यात काढून शेतात पसरतात. त्यातील जी द्रव्ये पाण्यात राहिली असती तर शेवाळ माजवती, तीच धानाच्या बांधीत खत होतात.