लसूण तेलात घाला, गुडघ्याला बांधू नका

प्रश्न : माझं वय ६३. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना उतरताना गुडघे दुखतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेजारीण म्हणते, लसूण वाटून गुडघ्याला बांध. डायबेटीसच्या गोळ्या चालू आहेत. बांधू का? – एक वाचक

उत्तर : ताई, नका बांधू. वाटलेल्या कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मधुमेहात जखम लवकर भरत नाही. लसूण वापरायचाच तर तेलात. अर्धी वाटी तिळाचं तेल, पाच-सहा पाकळ्या, चमचाभर ओवा. पाकळ्या तांबूस झाल्या की उतरवा, गाळा, कोमट झालं की हलक्या हाताने चोळा. खरं सांगायचं तर आराम पडतो तो मुख्यतः उबेने आणि चोळण्याने. घरात लसूण नसला तर नुसतं तेल चालेल.

जाड मीठ तव्यावर गरम करून सुती फडक्यात पुरचुंडी बांधा. आधी मनगटाला लावून पाहा, मग गुडघा दहा मिनिटं शेका.

पावलं मात्र शेकू नका. माझ्या आईला मधुमेह होता. परळच्या घरी एका पावसाळ्यात ती मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "गरम लागतच नाही गं, अजून ओत." मी ओतलं. नर्स असून ओतलं. तिच्या पावलांची संवेदना गेली होती, हे संध्याकाळी फोड आल्यावर कळलं. सहा आठवडे ड्रेसिंग चाललं. तुमचे पाय बधिर वाटतात का, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना नक्की विचारा.

हळद-दूध चालेल, बिनसाखरेचं. मेथीने साखर उतरते, म्हणून रोज भिजवलेली मेथी खाणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर हळद स्वयंपाकापुरतीच ठेवा.

जिन्यात कठडा धरा. चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा. गोळा आला की पाय सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढा.

एकाच पोटरीला सूज, दुखणं, लाली दिसली तर तेल लावू नका, चोळूही नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा.