रात्री गव्हाला पाणी भरूनही पोट का उतरत नाही

भाऊ, प्रश्न वाचून हसलो. दहा हिवाळे मीही तेच केलंय. तुमचं म्हणणं असं: थंडीत तपकिरी चरबी पेटते असं ऐकलं, यावलकडे गव्हाला रात्रभर पाणी भरता, पाय गारठतात, तरी पट्टा एक भोक पुढे गेला.

आधी एक समजून घ्या. तपकिरी चरबी स्वतः जळत नाही, ती साखर आणि स्निग्धांश जाळून नुसती ऊब काढते. मान, गळपट्टीच्या हाडावरची जागा आणि पाठीचा कणा, मुख्यतः इथेच तिची वस्ती. आणि तीही बहुतेकांत काही तोळेच! जळगावच्या सराफाकडे तोलावी इतकी. तिच्या जोरावर ढेरी उतरणार नाही.

पण खरी गंमत घड्याळाची आहे. 2013 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचेल लाझार यांच्या गटाने उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवलं. पहाटे 5 वाजता ठेवलेले तगले, संध्याकाळी 5 वाजता ठेवलेल्यांचं अंग गार पडत गेलं. थंडी तीच, उंदीर त्याच जातीचे. फरक एका प्रथिनाचा, रेव्ह-अर्ब अल्फाचा. ते शरीराच्या घड्याळानुसार वाढतं-घटतं आणि वाढलेलं असताना या चरबीची भट्टी दाबून धरतं. ज्या उंदरांत ते नव्हतंच, त्यांना संध्याकाळचीही थंडी सोसली. आता उंदीर निशाचर, तेव्हा त्यांच्या वेळा आपल्याला जशाच्या तशा लावू नका. (व्हॉट्सॲपवर लावतात, म्हणून सांगतो.)

आता आपल्याकडची शेतीपंपाची लाईट बघा. एक आठवडा दिवसाची, पुढचा रात्रीची. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, यकृतासारख्या अवयवांची घड्याळं जेवणाच्या वेळेवरही. आठवड्याला पाळी बदलली की दोन्हींचा मेळ बसतच नाही. 2015 च्या एका प्रयोगात उंदरांना रोज जास्त तास उजेडात ठेवलं, तर खाणं न वाढताही चरबी वाढली आणि तपकिरी चरबीचं काम मंदावलं.

माझं सांगायचं तर, रात्री 2 ला शेकोटीपाशी शेव-मुरमुऱ्यांचा घमेलाभर फराळ व्हायचा, तोच खरा चोर होता. आता कळण्याची भाकरी नि भरीत घरूनच खाऊन निघतो, बांधावर फक्त कोरा चहा. घरी आलो की खिडकीला गोणपाट लावून झोपतो. तुम्ही रात्री तिथे काय खाता, ते तर लिहिलंच नाही.