शब्द समोर ठेवून ऐक

प्रिय मित्रा,

जर्मन संगीतकार बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'ची, येशूच्या वधाची कथा गाणाऱ्या रचनेची, सात रेकॉर्डिंग्ज जमवलीस आणि 'अस्सल', म्हणजे बाखच्या काळासारखं, कोणतं ते ठरेना म्हणून एकही पुरतं ऐकलं नाहीस! पत्र वाचून जीव कळवळला, रागही आला. वाद्यं जुन्या घडणीची, तारा आतड्याच्या, सूर 415 हर्ट्झला, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या स्वराने खाली. एवढं पुरे. कोणतंही एक लाव आणि शब्द समोर ठेवून ऐक.

त्यातलं 'आउस लीबे' ('प्रेमापोटी') हे गाणं घे. येशूबद्दल जमाव एकदा ओरडून झालाय, 'त्याला वधस्तंभावर खिळा!' रोमन सुभेदार पिलात विचारतो, यानं वाईट काय केलंय? मग सोप्रानो, उंच पट्टीची गायिका, गाते: प्रेमापोटी माझा तारणारा मरायला निघालाय. साथीला एक लाकडी बासरी आणि दोन ओबो दा काच्चा, सनईच्या जातीची जुनी वाद्यं. वाकवलेलं लाकूड, वर चामडं, टोकाला पितळी कर्णा. एरवी अखंड चालणारा खर्ज बाखने इथे काढून घेतलाय. ऑर्गन नाही, चेलो नाही. तंबोरा बंद करून गायला बसवावं तसं. आणि ते संपतं न संपतं तोच जमाव पुन्हा ओरडतो. शब्द वाचले नाहीस तर एक गोड गाणं ऐकल्याचं समाधान तेवढं मिळेल.

मला वीस वर्षं तेवढंच मिळालं. जेवताना लावायचो, कुणाचा ओबो मऊ यावर वाद घालायचो. आजारी मित्राच्या उशाशी हेच गाणं लावून बसलो असताना त्याने विचारलं, "ती काय म्हणतेय रे?" मला सांगता आलं नाही. तो गेला.

जर्मन येत नाही, मी ख्रिस्ती नाही, ही कारणं मला देऊ नकोस. बाख जिथे काम करायचा त्या लायपझिगच्या चर्चमध्ये त्याच्या कॅन्टाटांचे, म्हणजे उपासनेत गायच्या रचनांचे, शब्द छापलेल्या पुस्तिका लोकांच्या हाती असत. 1724 च्या काही आजही शिल्लक आहेत. ती माणसं तर जर्मनच होती! अर्थ लिहून काढ. शब्द समोर ठेव.

घरचे म्हणतात, मी हट्टी झालोय. पाहुण्यांसमोर हे लावत नाही, मोठ्या वाद्यवृंदाचं ऐकत नाही. पण जुन्या वाद्यांचा नाद लवकर विरतो, गायकाचं व्यंजन न् व्यंजन कानी पडतं. शेकडो गळ्यांच्या पुरात ते बुडतं. त्यासाठीच तर मी या वाद्यांकडे आलो. यात माझं चुकलंय असं मला वाटत नाही.

येशू बोलतो तेव्हा भोवती तारवाद्यं असतात. वधस्तंभावरून तो 'एली, एली' ('माझ्या देवा, माझ्या देवा') अशी हाक मारतो, तेव्हा ती गप्प होतात. ती जागा तू स्वतः शोध.

आधी 'आउस लीबे' चारदा ऐक, मगच फोन कर. जमाव दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा तुला काय झालं, तेवढंच सांग.